दुसरा मार्ग : संदेशवहनातील वेग आणि पर्यायी जोडणी यांचा इतिहास (१८५९ ते २०२५)

१. प्रस्तावना

इंटरनेटची एक जोडणी अपुरी पडू लागली की दुसरी घ्यावी, असा निर्णय आज अनेक शैक्षणिक संस्थांमध्ये घेतला जातो. प्रवेशप्रक्रिया, परीक्षा अर्ज, गुणांची नोंद, ग्रंथालयातील ई-नियतकालिके अशी अनेक कामे आता या जोडणीवर अवलंबून आहेत. त्यामुळे हा निर्णय केवळ तांत्रिक स्वरूपाचा राहिलेला नाही. त्यामागे सामान्यतः दोन अपेक्षा असतात. दोन्ही जोडण्या एकत्र येऊन वेग दुप्पट व्हावा, ही पहिली अपेक्षा होय. एक जोडणी बंद पडल्यास दुसरीने काम चालू ठेवावे, ही दुसरी. या दोन्ही अपेक्षा एकाच खरेदीतून आपोआप पूर्ण होतील, असे बहुधा गृहीत धरले जाते.

संदेशवहनाचा इतिहास मात्र या गृहीतकाला दुजोरा देत नाही. वेग आणि सुरक्षितता ही दोन भिन्न उद्दिष्टे आहेत, त्यांची साधने भिन्न आहेत आणि काही वेळा एक साधताना दुसरे हातचे जाते, असे या इतिहासातून दिसते. तारांची संख्या वाढली म्हणून मार्गांची संख्या वाढतेच असे नाही, हेही त्यातून वारंवार सिद्ध झाले आहे. प्रस्तुत निबंधात हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामधील एकोणिसाव्या शतकातील तारमार्गांपासून आजच्या इंटरनेटपर्यंतच्या काही निवडक घटनांच्या आधारे या विधानांचा विचार केला आहे.

२. हिंदुस्थानचे तीन तारमार्ग

१८५७ च्या उठावाच्या वेळी हिंदुस्थानातील वार्ता लंडनला पोहोचण्यास सुमारे सहा आठवडे लागत. उठावानंतर थेट तारसंपर्काची निकड ब्रिटिश शासनास तीव्रतेने जाणवली. सुएझ ते एडन आणि एडन ते कराची अशी समुद्री केबल १८५९ व १८६० मध्ये टाकण्यात आली. परंतु ही केबल बारीक होती आणि तांबड्या समुद्राच्या खडबडीत, प्रवाळयुक्त तळावर ती ताणून टाकली गेली होती. तिचे वेगवेगळे भाग एकामागून एक निकामी झाले आणि संपूर्ण मार्ग सलगपणे कधीच उपयोगात आला नाही. शासनाने मात्र कंपनीच्या भागधारकांना दीर्घ मुदतीच्या परताव्याची हमी दिलेली असल्यामुळे बंद पडलेल्या केबलचा भार पुढे अनेक वर्षे सरकारी तिजोरीला वाहावा लागला. एकाच मार्गावर सर्व भिस्त ठेवण्याचे हे ठळक उदाहरण होय.

यानंतर १८६४ मध्ये इराणच्या आखातात नवी केबल टाकण्यात आली. फाओ येथे ती ऑटोमन साम्राज्याच्या बगदाद–कॉन्स्टँटिनोपल तारमार्गास जोडली गेली आणि १८६५ पासून हिंदुस्थान व युरोप यांच्यात तारव्यवहार सुरू झाला. याच सुमारास बुशहर–तेहरान असा इराणमधून जाणारा पर्यायी मार्गही विकसित होत होता. कागदोपत्री पाहता ही मोठी प्रगती होती. प्रत्यक्षात तारा अनेक दिवसांनी पोहोचत आणि पोहोचल्या तरी त्यांतील मजकूर पुष्कळदा अर्थहीन झालेला असे. वाटेतील तारकचेऱ्यांमधून प्रत्येक संदेश पुन्हा हाताने पाठवावा लागे आणि इंग्रजी न जाणणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून शब्दांची मोडतोड होई. लिव्हरपूलच्या बाजारभावावर नजर ठेवून कापसाचे सौदे करणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या दृष्टीने अशी तार फारशी उपयुक्त नव्हती. हिंदुस्थानशी असलेल्या दळणवळणाची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने १८६६ मध्ये समिती नेमली, ती या पार्श्वभूमीवर.

१८७० हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरते. सीमेन्स बंधूंनी उभारलेला इंडो-युरोपियन तारमार्ग त्या वर्षाच्या प्रारंभी सुरू झाला. लंडन, बर्लिन, वॉर्सा, ओडेसा, तिफ्लिस, तबरीझ आणि तेहरान असा तो मार्ग होता. १२ एप्रिल १८७० रोजी झालेल्या प्रात्यक्षिकात लंडनहून निघालेला संदेश कलकत्त्यास २८ मिनिटांत पोहोचला. याच वर्षी ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाच्या साहाय्याने मुंबई–एडन–सुएझ ही केबल टाकण्यात आली आणि जून १८७० मध्ये मुंबई व इंग्लंड यांच्यात समुद्रमार्गे तारसंपर्क प्रस्थापित झाला. म्हणजे दहा वर्षांपूर्वी एकही भरवशाचा मार्ग नसलेल्या हिंदुस्थानला आता तीन मार्ग उपलब्ध झाले. एक तुर्कस्थानातून, दुसरा रशिया व इराणमधून आणि तिसरा तांबड्या समुद्रातून.

या तीन मार्गांच्या संदर्भात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली अशी की, तिन्ही मार्गांची दुर्बलस्थाने वेगवेगळी होती. तुर्कस्थानातील अव्यवस्थेचा तांबड्या समुद्रातील केबलवर परिणाम होत नसे आणि केबलच्या तुटण्याचा रशियातील खांबांशी संबंध नव्हता. दुसरी गोष्ट अशी की, एक संपूर्ण तार एकाच मार्गाने जात असे. तीन मार्ग असल्यामुळे एखादी विशिष्ट तार तिप्पट वेगाने पोहोचत नव्हती. फक्त रांग कमी होत होती आणि एकूण जास्त तारा पाठविता येत होत्या. वेगाच्या चर्चेत हा भेद पुढे दीडशे वर्षे कायम राहिला आहे.

या मार्गांमध्ये प्रारंभी स्पर्धा होती. १८७८ मध्ये सरकारचे इंडो-युरोपियन तार खाते, इंडो-युरोपियन तार कंपनी आणि समुद्री केबल चालविणारी ईस्टर्न कंपनी यांच्यात ‘सामाईक थैली’चा करार झाला. तिन्ही पक्षांचे उत्पन्न एकत्र करून ते ठरावीक प्रमाणात वाटून घेण्याची ही व्यवस्था होती. मार्ग भौतिकदृष्ट्या अस्तित्वात असणे पुरेसे नसते. एका मार्गावरील संदेश दुसऱ्यावर वळविण्यास संबंधितांचा आर्थिक विरोध नसणेही आवश्यक असते, हा या कराराचा अर्थ होय.

३. तारांची संख्या आणि मार्गांची संख्या

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनने केबलच्या जाळ्याकडे संरक्षणाच्या दृष्टीने पाहण्यास सुरुवात केली. १९०२ मध्ये प्रशांत महासागरातील केबल पूर्ण झाली आणि केवळ ब्रिटिश सत्तेखालील प्रदेशांना स्पर्श करणारी केबलची जगप्रदक्षिणा साध्य झाली. ब्रिटनला जगापासून तोडण्यासाठी शत्रूला ४९ केबल्स कापाव्या लागतील, असा हिशेब साम्राज्य संरक्षण समितीने १९११ मध्ये मांडला.

जर्मनीची स्थिती याच्या उलट होती. तिच्याकडेही स्पेन, अझोर्स, अमेरिका आदी दिशांना जाणाऱ्या अनेक केबल्स होत्या. परंतु एम्डेनहून निघणाऱ्या त्या केबल्स इंग्लिश खाडीतूनच पुढे जात. ५ ऑगस्ट १९१४ रोजी, युद्ध पुकारल्यानंतर काही तासांतच, ‘अलर्ट’ नावाच्या ब्रिटिश केबलजहाजाने त्या खाडीच्या तळावरून उचलून कापल्या. वेगवेगळ्या देशांकडे जाणाऱ्या पाच केबल्स एका सकाळी निरुपयोगी झाल्या. कारण गंतव्यस्थाने अनेक असली तरी वाट एकच होती. यानंतर जर्मनीला बिनतारी यंत्रणेवर आणि तटस्थ राष्ट्रांच्या तारांवर अवलंबून राहावे लागले. १९१७ मधील प्रसिद्ध झिमरमन तार अशा उसन्या मार्गानेच गेली आणि ब्रिटिशांच्या हाती पडली. पर्यायी मार्ग असूनही तो प्रतिस्पर्ध्याच्या अंगणातून जात असेल, तर त्यावर विसंबता येत नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

शत्रू नसतानाही असा प्रसंग ओढवू शकतो. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलंडजवळील ग्रँड बँक्स परिसरात भूकंप झाला आणि अटलांटिक महासागरातील १२ तारकेबल्स तुटल्या. काही भूकंपाच्या क्षणी तुटल्या, तर खोल पाण्यातील इतर केबल्स त्यानंतर काही तासांत क्रमाक्रमाने तुटत गेल्या. समुद्राच्या उतारावरून वेगाने घसरत गेलेल्या गाळाच्या प्रवाहामुळे हे घडले, असे स्पष्टीकरण हीझेन व युइंग या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये दिले. केबल्स बारा होत्या. उतार मात्र एकच होता.

४. पॅकेट पद्धती आणि अर्पानेट

१९६० च्या दशकात अमेरिकेतील रँड संस्थेत पॉल बॅरन यांनी या प्रश्नाचा गणिती विचार केला. अणुहल्ल्यात अनेक केंद्रे नष्ट झाली तरी उरलेल्या केंद्रांमधील संपर्क टिकावा, अशी रचना ते शोधत होते. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालमालेचा एक निष्कर्ष आजही लक्षात घेण्याजोगा आहे. प्रत्येक केंद्राला अमर्याद जोडण्यांची गरज नसते. जाळे टिकून राहण्यासाठी आवश्यक असलेल्या किमान जोडण्यांच्या सुमारे तीन ते चारपट जोडण्या असल्या, तरी जाळ्याची तग धरण्याची क्षमता जवळजवळ कमाल मर्यादेला पोहोचते. संदेशाचे लहान तुकडे करून प्रत्येक तुकडा उपलब्ध मार्गाने पाठवावा, हेही त्यांनी सुचविले. ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे अशीच कल्पना मांडली आणि या तुकड्यांना ‘पॅकेट’ हे नाव दिले.

१९६९ मध्ये सुरू झालेल्या अर्पानेटमध्ये ही पद्धती प्रत्यक्षात आली. कॅलिफोर्नियातील तीन केंद्रे एकमेकांशी ५० किलोबिटच्या तारांनी त्रिकोणात जोडलेली होती. यूटा विद्यापीठाचे चौथे केंद्र मात्र सुरुवातीला एकाच तारेने जोडले गेले होते. पुढील विस्तारात कोणत्याही दोन केंद्रांमध्ये किमान दोन मार्ग असावेत, हे तत्त्व स्वीकारण्यात आले.

तथापि तत्त्व आणि प्रत्यक्ष यांत अंतर पडले. १२ डिसेंबर १९८६ रोजी अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड विभागाचा अर्पानेटशी असलेला संपर्क तुटला. या विभागासाठी सात स्वतंत्र तारमार्ग भाड्याने घेतलेले होते. परंतु दूरध्वनी कंपनीने कालांतराने ते सातही एकाच प्रकाशतंतू केबलमधून नेले होते आणि ती केबल तुटली. नकाशावर सात रेघा होत्या, जमिनीखाली एकच. १९१४ मध्ये खाडीत जे घडले, तेच येथे चरात घडले. फरक इतकाच की, जर्मनीला आपल्या केबल्सची वाट ठाऊक होती. अर्पानेटच्या जाळ्याला मात्र आपल्या सात जोडण्या एक झाल्याचे कळण्याची सोय नव्हती.

५. वेगासाठी जोडणी : तुकडे आणि त्यांचा क्रम

आतापर्यंत मुख्यतः सुरक्षिततेचा विचार झाला. वेगासाठी दोन जोडण्या एकत्र करण्याचा इतिहास तुलनेने अलीकडचा आहे. तारयंत्राच्या काळात प्रयत्न उलट दिशेने होता. एकाच महागड्या तारेतून अधिक संदेश पाठविणे हे उद्दिष्ट असे. १८७२ च्या सुमारास स्टर्न्स यांनी एका तारेवर एकाच वेळी दोन्ही दिशांनी संदेश पाठविण्याची पद्धत व्यवहारात आणली आणि १८७४ मध्ये एडिसन यांनी एका तारेवर चार संदेशांची सोय केली. अनेक स्वस्त तारा जोडून एक रुंद वाट बनविण्याचा विचार संगणकयुगात पुढे आला.

१९९० च्या दशकात आयएसडीएन जोडणीत प्रत्येकी ६४ किलोबिटच्या दोन वाहिन्या ग्राहकास मिळत. या दोन वाहिन्या मिळून १२८ किलोबिटची एकच वाट व्हावी, यासाठी ‘मल्टिलिंक पीपीपी’ ही पद्धती १९९४ मध्ये प्रमाणित झाली आणि १९९६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. तीत प्रत्येक पॅकेटचे तुकडे करून ते दोन्ही वाहिन्यांवर वाटले जातात. प्रत्येक तुकड्यावर अनुक्रमांक असतो आणि पलीकडील यंत्र ते क्रमाने जुळविते. येथे एका संदेशाचाच वेग खऱ्या अर्थाने वाढतो. परंतु त्यासाठी दोन अटी आहेत. एक म्हणजे, तुकडे जुळविणारे यंत्र दुसऱ्या टोकाला असलेच पाहिजे. दुसरी म्हणजे, दोन्ही वाहिन्या नीट चालल्या पाहिजेत. कारण एका वाहिनीवरील तुकडा हरवला, तर दुसरीवरून सुखरूप आलेला तुकडाही वाया जातो. वेगासाठी केलेली जोडणी अशा रीतीने विश्वसनीयता काहीशी कमी करते.

संपूर्ण पॅकेट्स दोन असमान वाटांनी पाठविल्यास वेगळी अडचण येते. इंटरनेटवरील टीसीपी ही व्यवस्था पॅकेट्स क्रमाने येण्याची अपेक्षा बाळगते. मागून निघालेले पॅकेट जलद वाटेने आधी पोहोचले, तर पुढचे हरवले असा तिचा समज होऊ शकतो आणि ती वेग कमी करते. दोन वाटा जोडूनही एका वाटेपेक्षा कमी वेग मिळण्याचा प्रसंग यातूनच उद्भवतो. म्हणून २००० मध्ये प्रमाणित झालेल्या ईथरनेटच्या जोडणी-एकत्रीकरण पद्धतीत एक संवाद एकाच तारेवर ठेवण्याचा मार्ग पत्करण्यात आला. अनेक संवाद अनेक तारांवर वाटले जातात, पण एकाच संवादाचे विभाजन होत नाही. दोन जोडण्या स्वीकारणारे कार्यालयीन राउटरही सर्वसाधारणपणे हेच करतात. म्हणजे १८७० मधील तीन तारमार्गांचीच ही पुनरावृत्ती होय. रांग कमी होते, एकट्या तारेचा वेग तोच राहतो.

एक जोडणी बंद पडल्यावर दुसरीवर जाण्यातही अशीच मर्यादा आहे. टीसीपी संवादाची ओळख दोन्ही टोकांच्या पत्त्यांवर अवलंबून असते. वाट बदलली की बाहेर दिसणारा पत्ता बदलतो आणि चालू संवाद तुटतो. अर्ज भरता भरता पुन्हा प्रवेश करावा लागतो, तो यामुळे. मोठ्या संस्था स्वतःचे पत्ते घेऊन ते दोन सेवादात्यांमार्फत जगाला कळवितात. यासाठी वापरला जाणारा बीजीपी हा मार्गनिर्देशनाचा नियमसंच १९८९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. लहान संस्थांना ही व्यवस्था सहसा परवडत नाही. २०१३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात व २०२० मध्ये प्रमाणित स्वरूपात आलेल्या ‘मल्टिपाथ टीसीपी’ने एकच संवाद अनेक पत्त्यांवरून चालविण्याची सोय केली. ॲपल कंपनीने २०१३ पासून आपल्या ‘सिरी’ या सेवेसाठी तिचा वापर केला. वाय-फाय सुटले तरी मोबाईल जाळ्यावरून संवाद चालू राहावा, हा त्यामागील हेतू होता. मात्र येथेही दोन्ही टोकांना ही पद्धती ज्ञात असावी लागते.

६. भारतातील अनुभव

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्यानंतर समुद्री केबल्सची संख्या वाढत गेली. फ्लॅग, सी-मी-वी ३ आणि सी-मी-वी ४ या मुंबईच्या किनाऱ्यावर आल्या, तर चेन्नई–सिंगापूर केबल्समुळे पूर्वेकडील मार्ग खुला झाला. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ फ्लॅग आणि सी-मी-वी ४ या दोन्ही केबल्स तुटल्या, तेव्हा भारतातील सेवेचा वेग मोठ्या प्रमाणात मंदावला. दोन केबल्स दोन वेगळ्या गटांच्या होत्या, पण वाट इजिप्तचीच होती. सेवा पूर्णपणे ठप्प झाली नाही, याचे श्रेय पूर्वेकडील मार्गाला द्यावे लागेल. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भूमध्य समुद्रात पुन्हा तसाच प्रसंग घडला. २०२४ च्या प्रारंभी तांबड्या समुद्रात एएई-१, ईआयजी आणि सीकॉम-टीजीएन या केबल्सना हानी पोहोचली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ सी-मी-वी ४ व आयएमईडब्ल्यूई या केबल्स तुटल्या. १८७० मध्ये मुंबईहून निघालेल्या केबलने जो जलमार्ग धरला, त्याच अरुंद जलमार्गावर आजही भारत आणि युरोप यांच्यातील संपर्काचा मोठा भार आहे. त्या वर्षी या केबलला इराण व रशियातून जाणारा भूमार्ग सोबतीस होता. तो मार्ग १९३१ मध्ये बंद झाला.

महाविद्यालयांच्या पातळीवरही हा प्रश्न जवळचा आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय माहिती-तंत्रज्ञान शिक्षण अभियानात महाविद्यालयांना ५१२ किलोबिट वेगाच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्या देण्याची योजना होती. एखाद्या महाविद्यालयात अशा दहा जोडण्या असल्या, तर त्यांची बेरीज सुमारे ५ मेगाबिट होते. परंतु एका संगणकावर एक फाइल उतरविताना मिळणारा वेग ५१२ किलोबिटच राहतो. दहा प्राध्यापक एकाच वेळी काम करू शकतात, हा लाभ खरा आहे. तो दहापट वेग मात्र नव्हे. शिवाय दहाही जोडण्या एकाच दूरध्वनी केंद्रातून, एकाच खांबावरून आणि एकाच वीजपुरवठ्यावर येत असतील, तर सुरक्षिततेच्या दृष्टीने ती एकच जोडणी ठरते.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला, दुसऱ्या जोडणीचे मूल्य तिच्या वेगात नसून तिच्या स्वातंत्र्यात आहे. १८७० मधील तीन मार्ग उपयुक्त ठरले, कारण त्यांचे धोके वेगळे होते. १९१४, १९२९, १९८६ आणि २००८ मधील केबल्स निरुपयोगी ठरल्या, कारण त्यांचा धोका एकच होता. दोन सेवादात्यांची दोन देयके म्हणजे दोन मार्ग नव्हेत. दोघेही एकाच कंपनीच्या तंतूवर अवलंबून असू शकतात.

दुसरा, संवादांची विभागणी आणि एका संवादाचे विभाजन या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी साधा राउटर पुरतो. दुसरीसाठी पलीकडच्या टोकाचे सहकार्य लागते आणि त्याची किंमत मोजावी लागते.

तिसरा, आणि व्यवहाराच्या दृष्टीने कदाचित सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, दोन्ही जोडण्या रोज पूर्ण क्षमतेने वापरल्या जात असतील, तर राखीव असे काही उरत नाही. त्यांपैकी एक बंद पडताच संपूर्ण भार अर्ध्या वाटेवर येतो आणि तीही कोलमडण्याच्या बेतात येते. वेग म्हणून खर्च केलेली क्षमता सुरक्षितता म्हणून शिल्लक राहत नाही.

त्यामुळे दुसरी जोडणी घेणाऱ्या संस्थेने दरपत्रकातील वेगाच्या आकड्याआधी तीन प्रश्न विचारणे इष्ट ठरेल. ही जोडणी आवारात कोणत्या वाटेने येते? पहिलीशी ती कोठे एकत्र येते? पहिली बंद ठेवून केवळ हिच्यावर एक दिवस काम करून पाहिले आहे काय? यांपैकी तिसरा प्रश्न परीक्षा अर्जांच्या अखेरच्या दिवशी प्रथमच विचारला गेला, तर त्याचे उत्तर विद्यार्थ्यांना द्यावे लागते.